क्रिएटिनिन ३.१ : नाकारलेल्या दोन किडन्यांबद्दल इंदूरच्या प्रत्यारोपण केंद्रांना खुले पत्र

इंदूरमधील किडनी प्रत्यारोपण केंद्रांचे डॉक्टर आणि राज्यात अवयव वाटपाचे काम पाहणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या घरी दोन कागद आले. एक होते अवयवदात्यांच्या कुटुंबांच्या सत्काराचे निमंत्रण. दुसरे माझ्या अर्जाचे उत्तर. माझ्या भावाच्या दोन्ही किडन्या का घेतल्या नाहीत, असे मी विचारले होते. उत्तर एका ओळीचे आहे: "वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य." खाली सही आणि शिक्का. कोणी ठरवले, कोणत्या तपासणीवरून ठरवले, किती केंद्रांना विचारले, वाट पाहणाऱ्या एका तरी रुग्णाच्या कानावर घातले का, यातले काही त्यात नाही.

सत्काराला आई आणि भावजय जाणार आहेत आणि त्यांनी जावे असेच मलाही वाटते. मध्य प्रदेश शासनाने अवयवदात्यांना गार्ड ऑफ ऑनर देण्याचे ठरवले, ती चांगलीच गोष्ट झाली. पण शाल-श्रीफळाने माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. बंद पाकिटातून विचारले तर एक ओळ आली, म्हणून आता चारचौघांसमोर विचारते आहे.

माझी ओळख थोडक्यात. आमचे घर रामबागेत, चार पिढ्या इंदुरातच. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते, उभी नोकरी तिथेच झाली. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ. किडनीचे काम मंदावले की रक्तातला त्याचा आकडा चढतो. हा शब्द बहुतेक लोकांना घरात कोणी आजारी पडल्यावर कळतो. माझ्या हातून त्याचे रिपोर्ट रोज ढिगाने गेले. मी डॉक्टर नाही. कोणती किडनी घ्यायची आणि कोणती सोडायची हे ठरवण्याचा अधिकार मला नाही, तो मला नकोही. पण तो आकडा कशाने चढतो आणि कशाने उतरतो, एवढे मला कळते.

धाकट्या भावाला राऊच्या पुढे बायपासवर ट्रकने उडवले. हेल्मेट होते, पट्टा लावलेला नव्हता. रुग्णालयात आणले तेव्हा रक्तदाब फार खाली होता, तरी त्या रात्रीचे क्रिएटिनिन ०.९, म्हणजे निरोगी माणसाइतकेच आले. वय चाळिशीच्या आत. मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी कधी घेतलेली नाही, लघवीत प्रथिने नाहीत, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नेहमीच्या आकाराच्या. पुढे मेंदूची सूज उतरावी म्हणून मॅनिटॉल दिले, कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे औषध) घालून सीटी काढला, रक्तदाब टिकावा म्हणून नॉरॲड्रिनलिन लावले. मग लघवी एकाएकी इतकी वाढली की सिस्टर पिशवी रिकामी करून वळतात तोवर ती पुन्हा भरायची. लघवी आवरून धरणारे संप्रेरक मेंदूतून येते. मेंदू मरू लागला की ते थांबते आणि शरीरातले पाणी वाहून जाते. सोडियम चढत गेले. ब्रेन डेड जाहीर झाले त्या दिवशीचे क्रिएटिनिन ३.१.

भावजयीने सही केली. तिला कोणी गळ घालावी लागली नाही. लिव्हर गेले, डोळ्यांची पटले गेली. किडन्या राहिल्या. पुढे समन्वयकांकडून (कुटुंब आणि प्रत्यारोपण केंद्रे यांच्यातला दुवा सांभाळणाऱ्यांकडून) तोंडी कळले ते इतकेच: फोनवर आकडा सांगितला, फोनवरच नकार आला. बायोप्सी (किडनीचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे) झाली नाही. (समन्वयकांबद्दल माझी काही तक्रार नाही. तो मुलगा रात्रभर फोनला चिकटून होता.)

आता मुद्द्यावर येते.

रक्तदाब कोसळला किंवा शरीर कोरडे पडले की किडनीत पहिला मार बसतो तो बारीक नळ्यांच्या आतल्या पेशींना. रक्त गाळणाऱ्या जाळ्यांचे नुकसान त्या मानाने कमी असते. नळ्यांतल्या पेशी सुजतात, गळून पडतात, नळ्या तुंबतात, गाळण मंदावते आणि क्रिएटिनिन रक्तात साठत जाते. डॉक्टर याला अक्यूट ट्युब्युलर नेक्रोसिस म्हणतात, आणि किडनीला अशा अचानक झालेल्या इजेला एकंदरीत एकेआय (अक्यूट किडनी इंज्युरी). नाव भयंकर आहे, पण या पेशी पुन्हा उगवतात. आयसीयूतून वाचून बाहेर आलेल्या कितीतरी रुग्णांचे क्रिएटिनिन चारवरून एकवर उतरताना मी माझ्या रजिस्टरात पाहिले आहे. दोन-चार आठवडे लागतात, मधल्या काळात डायलिसिसही लागतो, पण बहुतेकांची किडनी मार्गी लागते.

माझा भाऊ जगला असता आणि त्याचे क्रिएटिनिन ३.१ असते, तर तुमच्यापैकीच कोणा नेफ्रॉलॉजिस्टांनी (किडनीच्या डॉक्टरांनी) आम्हाला बाजूला घेऊन सांगितले असते, "घाबरू नका, किडनी परत येईल, थोडा वेळ द्या." याच किडन्या, हाच आकडा. तो गेल्यावर मात्र त्या "अयोग्य" कशा झाल्या?

मधुमेहाने किंवा वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने झिजलेली किडनी निराळी. ती आकसलेली असते, तिच्यात चट्टे पडलेले असतात, ती परत येत नाही. तिचेही क्रिएटिनिन ३.१ येऊ शकते. आकडा दोघींचा एकच, गोष्ट वेगळी. म्हणूनच शेवटच्या दिवसाचा आकडा एकटा वाचायचा नसतो. दाखल झाल्या दिवशीचा आकडा, लघवीचे प्रमाण, लघवीतली प्रथिने, सोनोग्राफी आणि शंका उरलीच तर बायोप्सी, हे सगळे शेजारी मांडून वाचायचे असते. आणि लॅबवालीच्या जुन्या सवयीने आणखी एक विचारते: क्रिएटिनिन मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, तो ३.१ जाफे पद्धतीने काढला होता की एन्झायमॅटिक? जाफेमध्ये कीटोन आणि काही अँटिबायोटिक आकडा फुगवतात. तेवढ्याने ३.१ चा ०.९ होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या आकड्यावर दोन माणसांचे आयुष्य तोलले, तो कसा आला हे तरी कोणी पाहिले का?

ही माझ्या घरचीच समजूत आहे असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत २०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेरा हजारांहून अधिक मृत दाते आणि त्यांच्या किडन्या मिळालेले पंचवीस हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते. एकेआय असलेल्या प्रत्येक दात्यासमोर बाकी बाबतीत त्याच्यासारखाच, पण एकेआय नसलेला दाता ठेवून तुलना केली. पाचेक वर्षांपर्यंत पाहिले, तर बसवलेली किडनी निकामी होण्याच्या प्रमाणात फरक सापडला नाही. इजा तीव्र पायरीची असली तरीही नाही. ब्रिटनमध्ये २००३ ते २०१३ या काळातल्या अकरा हजारांहून अधिक किडन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे एका वर्षानंतर टिकण्याच्या प्रमाणात फरक निघाला, पण अगदी थोडा. डायलिसिसवर बसलेल्या माणसासमोर पर्याय काय आहे तो डोळ्यांपुढे ठेवून या फरकाकडे पाहावे. त्याच्यासमोर उत्तम किडनी आणि मध्यम किडनी अशा दोन थाळ्या मांडलेल्या नसतात. त्याच्यासमोर किडनी असते, नाहीतर पुढच्या सोमवारची सुई.

तुमच्या बाजूनेही मी विचार केला आहे, कारण तुमची अडचण खोटी नाही. अशी किडनी बसवली की ती पहिल्या दिवसापासून लघवी करेल याचा भरवसा नसतो. पहिल्या आठवड्यात पुन्हा डायलिसिस करावे लागण्याची शक्यता साध्या किडनीपेक्षा बरीच जास्त असते. रुग्ण वॉर्डात अधिक दिवस राहतो, संसर्गाची धास्ती वाढते. शरीर किडनी नाकारते आहे की ती नुसतीच उशिरा जागी होते आहे, हे ओळखायला बायोप्सी करावी लागते. बिल फुगते. नातेवाईक रोज विचारतात, "एवढे ऑपरेशन केले आणि परत मशीनच?" कधीकधी अशी किडनी सुरू होतच नाही. केंद्राच्या यशाच्या टक्केवारीवर डाग पडतो तो वेगळाच. हे सगळे खरे आहे. पण यातले एकही कारण "वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य" या शब्दांत बसत नाही. काही कारणे पैशाची आहेत, काही मनुष्यबळाची, काही भीतीची. ती त्यांच्या खऱ्या नावाने सांगितली तर त्यांवर उपाय निघतात.

खरोखर घेऊ नयेत अशा किडन्याही असतात. बाहेरचा थर सलग मेलेला असेल, जुन्या आजाराने चट्टे पडलेले असतील आणि त्यावर ही नवी इजा झाली असेल, किंवा दाता उतारवयाचा, मधुमेही आणि लघवी पूर्ण बंद असेल, तर नाही म्हणा. मी हात जोडून ऐकेन. भावाच्या किडन्यांत असे काही सापडले असते तरी ऐकले असते. पण सापडायला आधी कोणी पाहावे लागते ना!

आता माझ्या तक्रारी. महत्त्वाच्या तेवढ्याच लिहिते.

पहिली, आकडा ऐकून फोन ठेवण्याची पद्धत. केंद्राला पाठवलेल्या माहितीत दाखल होतानाचे ०.९ होते की नाही, हेसुद्धा आम्हाला कोणी सांगू शकले नाही. रात्री अडीच वाजता झोपेतून उठलेल्या सर्जनला "क्रिएटिनिन तीन पूर्णांक एक" एवढेच ऐकू येणार असेल, तर तो नाहीच म्हणेल. मीही म्हटले असते.

दुसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त सलते. ज्याला किडनी हवी आहे, त्याला कोणी विचारतच नाही. आमच्या शेजारचे काका आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास डायलिसिसला बसतात. हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे, पाणी मोजून प्यायचे, उन्हाळ्यात आंब्याची फोडसुद्धा पोटॅशियमच्या हिशोबात. भावाच्या वेळी ते यादीत होते. त्या किडन्या त्यांच्या रक्तगटाच्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचा हक्क हुकला असे मी म्हणत नाही. पण मी त्यांना नंतर विचारले: काका, अशी किडनी मिळाली असती आणि बसवल्यावर पंधरा दिवस मशीनवर राहावे लागले असते, तर? ते म्हणाले, "अगं, आत्ता कुठे आहे मी?" त्यांच्या शिफ्टमधल्या इतरांना विचारले, तेव्हा एका मुलीने स्पष्ट नको म्हटले, तिची आई देणार आहे, तपासण्या झाल्या आहेत. एका गृहस्थांनी खर्च किती वाढेल ते आधी विचारले. म्हणजे लोकांना समजते. समजावून सांगितले तर माणसे आपल्यापुरता हिशोब नीट करतात. तो हिशोब तुम्ही त्यांच्या वतीने, त्यांच्या नकळत करून टाकता.

आणि त्या मुलीच्या आईचे काय? आपल्या देशात २०२३ मध्ये तेरा हजारांहून अधिक किडनी प्रत्यारोपणे झाली. त्यांतली अकरा हजारांहून अधिक जिवंत दात्यांच्या किडन्यांवर. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत निरनिराळे अवयव देणाऱ्या जिवंत दात्यांपैकी सुमारे ६४ टक्के स्त्रिया होत्या. मृताची एक किडनी नाकारली की तिच्या बदल्यात टेबलावर कोण झोपते, हे घरोघरी माहीत आहे: आई, नाहीतर बायको. हे लिहिताना मला राग येतो. तो मी लपवत नाही.

तिसरी तक्रार ब्रेन डेथनंतरच्या तासांबद्दल. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, तेव्हा माणूस मृत जाहीर होतो. ते योग्यच आहे. त्यानंतर कुटुंबाशी बोलणे, संमती, पोलिसांचे कागद, पथकांची जमवाजमव, यात आणखी वेळ जातो. या सगळ्या तासांत किडन्या वाचतात किंवा बिघडतात. वाहून गेलेले पाणी भरून काढायचे, लघवी आवरणारे ते संप्रेरक बाहेरून, म्हणजे व्हासोप्रेसिन किंवा डेस्मोप्रेसिन देऊन, लघवी आटोक्यात आणायची, सोडियम उतरवायचे, रक्तदाब धरून ठेवायचा, दर काही तासांनी क्रिएटिनिन पाहायचे. हे सगळे जिवंत रुग्णाइतक्याच जागरूकतेने करावे लागते. आम्ही पाहिले ते उलटे. मृत्यू जाहीर झाला तसे पलंगाभोवतीचे लोक कमी झाले. सलाईन ज्या वेगाने चालू होते त्याच वेगाने चालू राहिले. दात्याची निगा राखण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकायचा नाही, असे २०१४ च्या अवयव प्रत्यारोपणाच्या नियमांत आहे. आमच्याकडून पैसे मागितले नाहीत हे खरे. पण निगाही धड राखली गेली नाही.

चौथी तक्रार हिशोबाची. २०२३ मध्ये देशात सुमारे अकराशे मृत दाते झाले. म्हणजे किडन्या बावीसशे. त्यांतून प्रत्यारोपणे झाली सोळाशेच्या आसपास. मधल्या सहाशे किडन्या सगळ्याच घेण्याजोग्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. त्यांत उतारवयाचे दाते असतील, मधुमेही असतील, संसर्ग झालेले असतील. पण किती वयामुळे गेल्या, किती मधुमेहामुळे, किती निव्वळ क्रिएटिनिनमुळे, आणि किती फक्त रात्री कोणी सापडले नाही म्हणून? आपले इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले, ते घरच्या कचऱ्याचे सहा भाग करून. दारातल्या गाडीत चुकीच्या डब्यात साल टाकली तर गाडीवाला हटकतो. त्याच शहरात माणसाची किडनी टाकून द्यायला मात्र कारणाचा रकाना नाही.

नकार ही काही अंशी सवयच असते, हेही आता मोजले गेले आहे. २००४ ते २०१४ या काळात अमेरिकेत दात्यांकडून काढलेल्या किडन्यांपैकी सुमारे १८ टक्के टाकून दिल्या गेल्या. फ्रान्समध्ये सुमारे ९ टक्के. अमेरिकेने टाकलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक किडन्या फ्रान्समध्ये बसवल्या गेल्या असत्या, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. माणसाचे शरीर तेच, सर्जरी तीच, ठरवणाऱ्यांची रीत वेगळी. रीत बदलता येते. या शहराला ते सांगायला नको. ऑक्टोबर २०१५ मध्ये इथे पहिला ग्रीन कॉरिडॉर (अवयव नेणाऱ्या गाडीसाठी मोकळा केलेला रस्ता) झाला, तेव्हा चौकाचौकांत थांबलेल्या लोकांना काय चालले आहे ते कळतही नव्हते. त्यानंतर पन्नासहून अधिक झाले. आता भाजीवालासुद्धा आपण होऊन हातगाडी कडेला घेतो.

भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या मंडळात गणेशोत्सवात अवयवदानाचे फॉर्म भरून घेतात. टेबलाशी मी बसते. भावाचे झाल्यावर एका ओळखीच्या बाईंनी फॉर्म हातात धरून विचारले, "तुमच्याकडून घेतल्या नाहीत म्हणे. मग सही कशाला करायची?" मी त्यांना लिव्हरचे सांगितले, डोळ्यांचे सांगितले, त्यांनी सहीही केली. पण त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि पुढच्या वर्षी तो आणखी चारजणी विचारतील. ज्या कुटुंबाने सगळ्यांत वाईट रात्री होकार दिला, त्याला नकाराचे कारण ऐकायचा हक्क नसेल, तर ही चळवळ फुलांच्या पाकळ्यांवर फार काळ चालणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत:

१. फक्त शेवटच्या क्रिएटिनिनवरून कोणतीही किडनी नाकारली जाऊ नये, असा लेखी नियम करा. केंद्राला जाणाऱ्या माहितीत दाखल होतानाचे क्रिएटिनिन, रोजचा चढउतार, लघवीचे प्रमाण, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी असलीच पाहिजे. फोनवर नुसता आकडा सांगायचा नाही. कागद पाठवायचा आणि तो वाचल्याची नोंद ठेवायची.

२. आधी निरोगी असलेल्या दात्याला एकेआय झाला असेल आणि शंका असेल, तर नकार देण्यापूर्वी बायोप्सी करा. त्यासाठी रात्री फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून घाईने केलेली स्लाइड) वाचू शकणारा पॅथॉलॉजिस्ट आणि स्लाइड तयार करणारा तंत्रज्ञ शहरात कोणीतरी एक पाळीवर हवा. सगळ्या रुग्णालयांनी मिळून एक ठेवला तरी पुरेल. बायोप्सीवरही आंधळा भरवसा नको, हे मी माझ्याच क्षेत्राबद्दल सांगते. घाईच्या फ्रोझन सेक्शनचे वाचन माणसागणिक बदलते, आणि अमेरिकेत तर बायोप्सीचाच अहवाल पुष्कळदा टाकून देण्याचे कारण ठरतो. तिचा उपयोग चट्टे आणि मेलेला थर ओळखण्यापुरता करावा.

३. यादीत नाव घालतानाच प्रत्येक रुग्णाला एकेआय झालेल्या दात्याच्या किडनीबद्दल त्याच्या भाषेत समजावून सांगा आणि त्याचा होकार किंवा नकार लिहून घ्या. मध्यरात्रीच्या फोनवर विचारायची ती गोष्ट नाही. होकार देणाऱ्यांची वेगळी यादी तयार असेल तर तासाभरात नाव निघेल.

४. ब्रेन डेथ जाहीर झाल्यापासून किडन्या काढेपर्यंत दात्याच्या निगेसाठी एक ठरलेला तक्ता लावा. नेफ्रॉलॉजिस्टचा सल्ला त्यात सक्तीचा करा.

५. उशिरा सुरू होणाऱ्या किडनीमुळे लागणारे जादा डायलिसिस, बायोप्सी आणि वॉर्डातले जादा दिवस यांचा खर्च शासनाने उचलावा. हे केल्याशिवाय तिसरी मागणी गरिबांसाठी कागदावरच राहील. पैशावाला हो म्हणेल आणि ज्याला खरी गरज आहे तो नको म्हणेल.

६. इंदूरसाठी किडनी परफ्यूजनचे (काढलेल्या किडनीतून थंड द्रव खेळवत ठेवण्याचे) निदान एक यंत्र घ्या, सगळ्या केंद्रांत सामाईक. युरोपात ३३६ दात्यांवर चाचणी झाली आणि २००९ मध्ये तिचे निष्कर्ष आले: एकाच दात्याची एक किडनी यंत्रावर ठेवली, दुसरी बर्फात. यंत्रावर ठेवलेल्यांत उशिरा सुरू होण्याचे प्रमाण २०.८ टक्के, बर्फातल्यांत २६.५ टक्के. आपल्याकडे किडनी एका रुग्णालयातून दुसऱ्यात न्यायला शहरातल्या शहरात फार वेळ लागत नाही, तेव्हा ही मागणी शेवटी ठेवली तरी चालेल. आधीच्या पाच मागण्यांपैकी चौथीला आणि पहिलीला तर जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत.

७. नाकारलेल्या प्रत्येक किडनीचे कारण, नाव न देता, दर तीन महिन्यांनी लोकांसमोर ठेवा. दात्याच्या कुटुंबाने मागितले तर त्यांना सविस्तर लेखी द्या. २०११ च्या दुरुस्तीने कायद्यात राष्ट्रीय नोंदणीची तरतूद झाली आहे. नाकारलेल्यांसाठी राज्याने आपल्या नोंदवहीत एक रकाना वाढवायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

कोणाला शिक्षा व्हावी असे मला वाटत नाही. त्या रात्री नकार देणाऱ्या डॉक्टरांचे नावही मी शोधले नाही.

यावर येत्या तीन महिन्यांत एक बैठक बोलवा. तिच्यात नेफ्रॉलॉजिस्ट, सर्जन, आयसीयूचे डॉक्टर, समन्वयक यांच्याबरोबर डायलिसिसवरचे दोन रुग्ण आणि दात्यांच्या कुटुंबांतले दोघे असू द्या. शेजारच्या काकांचे डायलिसिस सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी असते, तेव्हा तारीख मंगळवारची किंवा गुरुवारची ठेवलीत तर ते येतील. भावाची सगळी कागदपत्रे, रोजच्या क्रिएटिनिनसकट, मी घेऊन येईन. उत्तर हिंदीत दिलेत तरी चालेल, पण लेखी द्या आणि एका ओळीचे नको.

आपली,
एका अवयवदात्याची थोरली बहीण
रामबाग, इंदूर